संशयाखाली वाढणाऱ्या मुलांची गोष्ट

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या बेळगावच्या सीमाभागात एका पुस्तकावरून वाद झाला. सुट्टीतल्या वाचनवर्गात आठवी ते दहावीच्या मुलांना एक इंग्रजी किशोर-कादंबरी मराठीतून सांगायची, तिची काही प्रकरणं मोठ्याने वाचायची, असं ठरत होतं. कादंबरीतली मुलगी ब्रिटनमध्ये वाढणारी, मुस्लिम घरातली. शाळेतली टिंगल, घरातला धाक आणि गोड बोलून तिला कट्टरतेकडे ओढू पाहणारी माणसं, असा तिचा सारा प्रवास. प्रस्ताव बाहेर पडला आणि दोन तट पडले. एक म्हणे, कोवळ्या पोरांच्या डोक्यात नसतं विष कशाला घालता? दुसरा म्हणे, मुसलमान पोर म्हटलं की तुम्हाला अतिरेकीच का आठवतो? दोन्हीकडे तावातावाने बोलणं झालं, पुस्तक मात्र फारच थोड्यांनी उघडलं होतं. शेवटी वाद नको म्हणून ते पुस्तकच बाजूला ठेवलं गेलं.

हायस्कूलात मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला. म्हणून या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही. माझं मत असं: मुस्लिम किशोरांबद्दलच्या, आणि त्यांना गाठू पाहणाऱ्या कट्टरतेबद्दलच्या कादंबऱ्या मुलांनी वाचायला हव्यात. त्या नुसत्या परदेशातून आणून भागणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मातीत त्या मराठीत लिहिल्या जायला हव्यात. अट एकच, गोष्ट त्या मुलापासून सुरू व्हावी. पोलिसांची फाइल गुन्ह्यापासून सुरू होते आणि मागे मागे जात मुलापर्यंत पोचते. वाटेत तिला हवं तेवढंच उचलते. कादंबरीने ती वाट धरली तर तिची गरजच उरत नाही. वाचू द्यावं की नाही एवढ्यावरच भांडून आपण खरा प्रश्न तसाच सोडून दिला.

असं लेखन ब्रिटनमध्ये का वाढलं ते आधी पाहू. फेब्रुवारी 2015 मध्ये पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या एकाच शाळेतल्या तीन मुली विमानाने तुर्कस्तानला गेल्या आणि तिथून सीरियात, इस्लामिक स्टेटच्या मुलखात. वयं पंधरा-सोळा. त्यांच्यापैकी एकीचं नागरिकत्व 2019 मध्ये ब्रिटनने काढून घेतलं. त्याच 2015 सालच्या कायद्याने 'प्रिव्हेंट' हे धोरण शाळांवर बंधनकारक झालं; म्हणजे कट्टरतेकडे ओढली जाणारी मुलं वेळीच ओळखणं हे शिक्षकाचं कायदेशीर कर्तव्य ठरलं. या वातावरणात लंडनमधल्या गणित शिकवणाऱ्या एका मुस्लिम शिक्षकाने आपल्या वर्गातल्या मुलींसारख्याच एका मुलीची कादंबरी लिहिली. ती 2018 मध्ये आली. त्याच वर्षी तिथल्या बालसाहित्याची एक पाहणी प्रसिद्ध झाली: 2017 मध्ये निघालेल्या 9,115 बाल-किशोर पुस्तकांपैकी फक्त 391 पुस्तकांत कृष्णवर्णीय, आशियाई किंवा अन्य अल्पसंख्य समाजातलं एखादं पात्र होतं. शंभरात चार. मुख्य पात्र तसं असलेली पुस्तकं शंभरात एक. मुस्लिम मुलांच्या वाट्याला यातलं किती येणार? अशा दुष्काळात जे एखादं पुस्तक गाजतं ते कट्टरतेवरचं असलं, तर सगळ्या समाजाचा चेहरा तेवढाच होऊन बसतो. ही गोष्ट मी मनात पक्की धरली आहे आणि पुढे तिच्याकडे येणार आहे.

आधी पहिल्या तटाचं म्हणणं. 'विष कशाला घालता' म्हणणारे पालक मूर्ख नाहीत. किशोरवयात अनुकरण असतं, धाडसाचं आकर्षण असतं. कादंबरीत जाळं टाकणारा माणूस प्रभावी रंगवला नाही तर कादंबरी खोटी ठरते, आणि रंगवला तर एखादं मूल त्याच्यावरच भाळायचं. ही भीती मला मान्य आहे. पण एखाद्या गोष्टीचं कारण सांगणं म्हणजे तिला चिथावणी देणं, हा युक्तिवाद मराठी माणसाने फार जवळून पाहिलेला आहे. 30 एप्रिल 1908 ला मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला. तो टाकणाऱ्यांतला खुदीराम बोस अठरा वर्षांचा होता आणि त्या स्फोटात मेल्या त्या दोन निरपराध इंग्रज बायका. टिळकांनी 'केसरी'त बॉम्बची भलामण केली नाही. ही पाळी पोरांवर का आली ते लिहिलं आणि दडपशाहीने ती टळणार नाही असं बजावलं. सरकार म्हणालं, कारण सांगणं हीच चिथावणी. 22 जुलै 1908 ला सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडाले झालं. सुटून आल्यावर याच टिळकांनी एप्रिल 1916 मध्ये आमच्या बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. त्या खटल्यात आपण सगळे टिळकांच्या बाजूचे आहोत. मग लंडनच्या किंवा बेळगावच्या मुस्लिम पोराबद्दल कोणी तोच 'का' विचारला, की आपण सरकारी वकिलाची भाषा का बोलू लागतो?

इंग्रजी राज्याविरुद्धचा लढा आणि इस्लामिक स्टेटची कत्तल एका पारड्यात घालता येत नाही, असं कोणी म्हणेल. खरंच येत नाही. मी दोन्ही कृत्यांची बरोबरी करत नाही. अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात बॉम्ब येईपर्यंत त्याच्या आयुष्यात काय काय घडतं, हा प्रश्न दोन्हीकडे तितक्याच गांभीर्याने विचारता येतो, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि हे सगळं लंडनचं आहे, आपल्याकडे कुठलं, असंही समजू नये. 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण घर सोडून इराकला गेले होते. कल्याण आपल्याला परकं नाही.

शिवाय मुलांना या विषयापासून लांब ठेवणं आपल्या हातात राहिलंय का? नववीतल्या पोराच्या हातातला फोन रात्री अकरा वाजता त्याला काय दाखवतो ते त्याच्या आईलाही ठाऊक नसतं. तीस सेकंदांच्या चित्रफितीत अपमान दिसतो, चिथावणी दिसते आणि शत्रूचा चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यालाही आई आहे, हे सांगायला तीस सेकंद पुरत नाहीत. त्याला तीनशे पानं लागतात. शाळेने आणि वाचनालयाने हा विषय टाळला तर तो सगळाच्या सगळा त्या फोनच्या ताब्यात जातो.

आता दुसऱ्या तटाचा आक्षेप, आणि खरं बळ याच्यातच आहे. कल्पना करा, चाळीस मुलांच्या वर्गात एक मुस्लिम मुलगी आहे. शिक्षक कट्टरतेवरचं प्रकरण वाचायला घेतात आणि एकोणचाळीस माना तिच्याकडे वळतात. त्या माना वळवण्याचं काम पुस्तकाने केलं की नाही? केलं. हे ज्यांना दिसत नाही त्यांनी या वादात पडूच नये. ब्रिटनमध्ये शाळेतली मोकळी चर्चाही पाळतीचा भाग होऊ लागली, तेव्हा मुलं वर्गात बोलायचीच बंद झाली अशी तक्रार तिथल्या शिक्षकांनीच केली. आपण तीच कादंबरी आणून इथे चाचणीसारखी वापरली, तर त्यापेक्षा ती न आणलेलीच बरी.

याच विषयावर एका मुलीने माझे डोळे जितके उघडले तितके कुठल्या परिसंवादाने उघडले नाहीत. नववीतली मुलगी, घरात दखनी बोलणारी, वर्गात मराठी लिहिणारी, कन्नड पेपरात माझ्या मराठी घरांतल्या पोरींपेक्षा जास्त गुण घेणारी. तिने असंच एक पुस्तक वाचून परत केलं आणि म्हणाली, "टीचर, ह्या पोरीला भूक लागत नाही काय ओ? भावाशी चार्जरवरनं भांडण नाही, गणिताचं टेन्शन नाही. सकाळी उठल्यापासनं ती मुसलमानच असते." टीकाकाराने चार पानं खर्चून सांगितलं असतं ते तिने तीन वाक्यांत सांगितलं. ज्या पात्राला धर्माखेरीज दुसरं काहीच नाही ते माणूस नव्हे, नुसता विषय आहे. अशा पुस्तकावरचा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते.

पण या आक्षेपातून निष्कर्ष काय काढायचा? विषय बंद करायचा, की पुस्तकं वाढवायची? इथे दलित साहित्याचा इतिहास आठवतो. 1958 मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत कथा, कविता, आत्मकथनं येऊ लागली तेव्हा पांढरपेशा समीक्षक म्हणाले, एवढी शिवीगाळ, एवढं दैन्यच का? आणि खुद्द वस्तीतूनही आवाज आला, की घरातली अब्रू वेशीवर का टांगता? दोन्ही आवाजांत तथ्य होतं. तरी लेखक लिहीत राहिले, आणि पुस्तकांची संख्या वाढली तसतसं कुठल्याही एका पुस्तकावरचं सगळ्या समाजाचं ओझं कमी झालं. आज कोणी एक आत्मकथन वाचून सगळा दलित समाज ओळखल्याचा दावा करत नाही. मुस्लिम मराठी लेखकांनी 1990 मध्ये सोलापुरात आपलं पहिलं साहित्य संमेलन भरवलं, त्यामागेही हीच ओढ होती: आमच्याबद्दल बोललं जातं, आता आम्ही बोलू. त्या संमेलनांतून कविता आली, वैचारिक लेखन आलं, कथा आली. किशोरांसाठीची कादंबरी मात्र फारशी आली नाही. ही उणीव एकट्या त्या लेखकांची नाही, सगळ्या मराठी बालसाहित्याची आहे. आपल्या किशोर-कादंबऱ्यांत मुसलमान असतो तो टांगेवाला, अत्तरवाला, फार तर नायकाचा प्रेमळ चाचा. चौदा वर्षांचा, तापट, मार्कांत घसरलेला, प्रेमात पडलेला सलीम कुठे आहे?

आणि ही कादंबरी सीमाभागात का लिहिली जावी? कारण संशयाखाली वाढणं म्हणजे काय, हे इथल्या मराठी माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. 'इथलं खाता आणि तिकडचं गाता' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे? 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून ऐकतो आहोत. 1986 च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार झाला. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी आजही 1 जूनला माणसं जमतात. 2014 च्या जुलैमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' असा फलक हटवला आणि गावावर लाठ्या चालल्या. त्या वेळी येळ्ळुरात जी मुलं आठवी-नववीत होती त्यांनी आपल्या वडिलांना, काकांना मार खाताना पाहिलं. पोराच्या मनात अशा वेळी काय उसळतं ते मला सांगायला नको. मुसलमान पोराला हेच वाक्य ऐकवलं जातं, फक्त 'तिकडे' म्हणजे पाकिस्तान. आणि दुःख याचं, की ते ऐकवणाऱ्यांत आपलीही पोरं असतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गर्जलेला एक आवाज बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा होता, हे त्या पोरांना कोणी सांगितलेलंच नसतं.

फरक आहे, आणि तो मोठा आहे. आपल्याला कोणी देशाबाहेर जा म्हणत नाही. भाड्याने खोली मागायला गेलं तर नाव ऐकून दार बंद होत नाही. कुठे स्फोट झाला तर आपल्या पोराला उद्या शाळेत पाठवावं की नाही, असा विचार आपल्या आईच्या मनात येत नाही. म्हणून दोन्ही दुःखं सारखीच, असं मी म्हणत नाही. पण एका बाबतीत तुलना उपयोगी पडते. येळ्ळूरच्या पोराच्या रागाला जायला जागा होती. 17 जानेवारीचा हुतात्मा दिन होता, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची फेरी होती, मराठी वृत्तपत्रं होती. कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी अशा गावोगावच्या साहित्य संमेलनांत त्याच रागाची कविता व्हायची आणि व्यासपीठावरून वाचलीही जायची. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं. शब्दांची एवढी जुनी शिदोरी आपल्या पाठीशी होती. पोरगा बेफाम झाला तर कान धरणारा महाराष्ट्र एकीकरण समितीचा एखादा म्हातारा कार्यकर्ता होता. बेळगावच्या नव्या गांधीनगरातल्या किंवा निपाणीतल्या विडी वळणाऱ्या बाईच्या पोराच्या रागाला अशी कुठली जागा आहे? त्याच्या अपमानाला शब्द कोण देतं? साहित्य देत नसेल तर दुसरं कोणीतरी देतं, आणि तो 'दुसरा' शब्दांबरोबर आपलं गणितही त्याच्या हातात ठेवतो.

आपलीही ती जागा आता आक्रसते आहे. 2013 मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले होते. 2018 मध्ये एकही नाही, 2023 मध्ये एकही नाही. त्याची राजकीय कारणं मोठी आहेत, तो वेगळ्या लेखाचा विषय. माझ्यासमोर आहे तो शिक्षिकेला दिसणारा बदल. भाषेसाठी घोषणा देणाऱ्या घरातला नातू आज धर्माच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असतो आणि त्याच्या तोंडची वाक्यं त्याने आजोबांकडून घेतलेली नसतात. म्हणून तिसरा आक्षेप मी पूर्ण स्वीकारते: कट्टरतेचं पुस्तक लिहायचं तर फक्त मुसलमानाचंच का? कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गींना 30 ऑगस्ट 2015 ला धारवाडात, आपल्यापासून दोन तासांच्या आत, त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्यात ते गेले. 5 सप्टेंबर 2017 ला बंगळूरात पत्रकार गौरी लंकेश. लंकेश खुनाच्या तपास पथकाने आरोपपत्रात म्हटलं, की आरोपींना पिस्तूल चालवण्याचं प्रशिक्षण खानापूरच्या परिसरात दिलं गेलं. आरोपांचा निवाडा न्यायालयात होईल. पण आपल्या परसातलं, दिवाळीत पोरं किल्ला बांधायला माती आणतात तिथलं रान त्या आरोपपत्रात आहे, हे नाकारून चालणार नाही.

दोन्ही बाजूंची रीतही सारखीच. आधी एखादा मोठा 'दादा' किंवा 'भाई' भेटतो, जो पोराचं म्हणणं बापापेक्षा शांतपणे ऐकून घेतो. मग एखादं छोटं काम: फलक लावायचा, पत्रकं वाटायची. मग एखादं गुपित. मग जुन्या मित्रांपासून तोडणं. मग शत्रू. म्हणूनच मला एकाच गल्लीतल्या दोन पोरांची कादंबरी हवी आहे, एक समीर आणि एक संदीप, ज्यांना एकाच वर्षी असे दोन वेगळे दादा भेटतात. पण 'त्यांचं का लिहिता, आमचं का नाही' हे वाक्य लिहिणं थांबवण्यासाठी वापरलं जात असेल, तर मला ते मान्य नाही. दोन्ही लिहा, म्हणजे वर्गातल्या माना एकाच मुलीकडे वळणार नाहीत. त्या चाळीस जणांच्या वर्गाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

साहित्याला लागणारा ऐवज तर इथे पायापाशी पडलेला आहे. 5 फेब्रुवारी 2022 च्या सरकारी आदेशाने कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजांत हिजाबचा प्रश्न आणखी पेटला. 15 मार्चला उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. कॅमेरे रोखलेले असताना फाटकाशी उभं राहून बुरखा उतरवणाऱ्या मुली सगळ्या देशाने पाहिल्या. त्या मुलीने आत जाऊन बाकावर बसल्यावर शेजारणीशी पहिलं वाक्य काय बोललं असेल? हे न्यायालयाच्या निकालात कुठेच येत नाही. 28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. बेळगावातल्या मुस्लिम समाजाने गणपती विसर्जनासाठी आपली मिरवणूक पुढे ढकलली. वृत्तपत्रांनी सलोख्याचं कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण मिरवणुकीसाठी महिनाभर झेंडे शिवणारा पंधरा वर्षांचा पोरगा त्या दिवशी घरी बसला असेल, तेव्हा त्याला अभिमान वाटला असेल, की दर वेळी आपणच का मागे सरायचं असं वाटलं असेल? की एकाच तासात दोन्ही? संध्याकाळी संदीपने बोलावलं म्हणून तो विसर्जन बघायला कपिलेश्वरच्या तलावाकडे गेला असेल काय? लेखकाचं काम इथे आहे. हे दोन्ही भाव एका मनात एकत्र नांदू शकतात, हे पोराला कादंबरीत दिसलं, तर 'एक काय ते निवड' असं दरडावणाऱ्याला तो सहज वश होत नाही.

कोणी लिहायचं? मुस्लिम घरात वाढलेल्यांनी लिहिलं तर उत्तम, कारण भांडण चार्जरवरून होतं हे त्यांना सांगावं लागत नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी 1965 मध्ये आपल्या कोकणी गावातलं हिंदू-मुस्लिम वैर कादंबरीत मांडलं, कुणाचीही भीड न ठेवता, स्वतःच्या समाजाचीही नाही. पुढे 1970 मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांच्या मतांशी आज अनेक मुस्लिम लेखकांचे मतभेद आहेत आणि त्यांतले काही मला पटतात. पण आतल्या माणसाने आतून लिहिण्याचं धाडस त्यांनी मराठीत साठ वर्षांपूर्वी केलं. इतरांनी लिहू नये असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांनी लिहिण्याआधी त्या घरात जेवायला जावं, पुन्हा पुन्हा जावं, आणि लिहिलेलं त्या घरातल्या मुलांना वाचून दाखवावं. ती हसली तर का हसली ते विचारावं.

आता थंडीत गावोगावची संमेलनं सुरू होतील. अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कविसंमेलन हा क्रम ठरलेला आहे. त्यात या वर्षी एक सत्र शाळकरी मुलांच्या कथांचं ठेवावं आणि त्यासाठी मराठी शाळांबरोबर त्याच गावातल्या उर्दू शाळेलाही पत्र पाठवावं. मुलांनी दखनी मिसळलेल्या मराठीत लिहिलं तरी चालेल, शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. वाचनालयांनी बाजूला ठेवलेलं ते पुस्तक परत आणावं, आणि ते येईल तेव्हा त्याच्यासोबत मुस्लिम मुलांच्या क्रिकेटच्या, परीक्षेच्या, पहिल्या प्रेमाच्या आणखी चार गोष्टी मागवाव्यात. मराठीत त्या मिळत नसतील तर संमेलनांनी लिहवून घ्याव्यात, त्याचं मानधन द्यावं. एका कविसंमेलनाच्या मंडपाला जेवढा खर्च येतो त्याहून जास्त पैसे त्याला लागणार नाहीत.